चाचींची केतकी

हुपरीतल्या आमच्या गल्लीत मालिका बघणाऱ्या बायका घरोघरी होत्या, पण मालिका लिहिणाऱ्याशी भांडण काढणारी बाई एकच, ती म्हणजे चाची. बाकीच्या बायका पडद्यावरच्या दुष्ट जावेला शिव्या घालायच्या, तिच्या नथीपासून भुवयांपर्यंत सगळ्याला नावं ठेवायच्या. चाची तिला एका शब्दाने बोलायच्या नाहीत. "त्या बिचारीचं काय चुकलं? तिला जे लिवून दिलं त्ये ती बोलतीया. ज्यानं लिवलं त्याला धरा की," म्हणायच्या. मुंबईत कुठेतरी बसलेल्या, कधीही न पाहिलेल्या त्या माणसाला त्यांनी 'लिवणारा' असं नाव दिलं होतं. एखाद्या दिवशी सासरा उगाच जिन्यावरून पडला की चाची हताश होऊन मान हलवायच्या, "आज लिवणाऱ्याला घाई हाय," आणि नायिका सलग चार दिवस रडत बसली की, "लिवणारा गावाला गेलाय वाटतं."

मालिकेचं नाव मी सांगत नाही. त्या सगळ्या नावांत कुठेतरी सौभाग्य असतंच, तसं ह्यातही होतं. दुपारी एक वाजता ती लागायची, आणि त्या वेळी माझ्या दादाच्या सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या खोलीत, गल्लीतल्या बायका पैंजणाला घुंगरं लावत बसलेल्या असायच्या. आमच्या गावात चांदीचं काम घराघरांतून चालतं. चिमट्याने बारीक कडी उघडायची, घुंगरू अडकवायचं, कडी मिटायची, पुढचं घ्यायचं. चाचींनी आयुष्यभर हेच केलं होतं. त्यांचे मिस्टर चांदीला पॉलिश करायचे, ते गेल्यावर चाचींनी दोन्ही मुलं ह्याच कामावर वाढवली. पुढे त्यांच्या डोळ्यांना जवळचं दिसेनासं झालं. लांबचं मात्र चांगलं दिसायचं. गल्लीच्या टोकाला कोण कुणाशी बोलतंय ते त्या उंबऱ्यात बसून सांगायच्या.

आमच्या टीव्हीची जागा ही खरी गंमत होती. आधी तो बायकांच्या समोर होता. मग ज्या दुपारी मालिकेतल्या विश्वजीतने नायिकेचा, केतकीचा, पहिल्यांदा हात धरला, त्या दुपारी एका पैंजणाची सगळी घुंगरं एकाच बाजूला लागली. माझ्या वहिनीने दुसऱ्याच दिवशी टीव्ही उचलून मागच्या भिंतीवर, माजघराच्या दारावरच्या फळीवर नेऊन ठेवला. बायका उजेडासाठी रस्त्याच्या दाराकडे तोंड करून बसायच्या, म्हणजे टीव्ही त्यांच्या पाठीमागे. ऐकायला मिळायचं, बघायला नाही. पण आपल्या मालिका नुसत्या ऐकून भागत नाही. अर्धी गोष्ट तर ढणढण वाजणाऱ्या संगीतात आणि एकमेकांकडे रोखून बघण्यात घडते. तेव्हा वहिनीनेच तोडगा काढला. चाचींना पैंजणाचं काम जमत नव्हतं, तर त्यांनी दाराकडच्या भिंतीला टेकून टीव्हीकडे तोंड करून बसायचं, ताटातली घुंगरं लहान-मोठी अशी हाताच्या अंदाजाने निवडायची आणि काय दिसतंय ते सांगायचं.

चाची ते काम मन लावून करायच्या. "ह्यानं तिच्याकडं बघितलं. तिनं त्याच्याकडं बघितलं. आता सासू दोघांकडं बघतीया. थांबा, मोलकरीण ऱ्हायली. बघितलं, तिनंबी बघितलं." बायका हसून लोळायच्या, पण चिमटे थांबायचे नाहीत. साडीचा रंग, भांगातलं कुंकू, कुणाच्या हातातला दुधाचा पेला किती डळमळतोय, सगळं त्या सांगायच्या. मी पुढे मोठ्या पडद्यावर सिनेमे पाहिले, पण चाचींच्या तोंडून ऐकलेल्या केतकीएवढं स्पष्ट मला कुणी दिसलं नाही.

माझं लग्न व्हायच्या आधीची एक गोष्ट. कोल्हापुरात साडीच्या एका नव्या दुकानाच्या उद्घाटनाला मालिकेतली दुष्ट जाऊ येणार होती. आम्ही पाचसहाजणी एसटीने गेलो. दुकानासमोर ही गर्दी. आमच्यातल्या सुशीलाक्का, म्हणजे सोप्यातल्या सगळ्यात मोठ्या आवाजाच्या बाई, तिला बघताच ओरडल्या, "काय गं सटवे, केतकीच्या दुधात काय मिसळलंस?" आजूबाजूच्या बायकांनाही चेव आला. चाची मात्र कोपरांनी वाट काढत थेट तिच्यापर्यंत पोचल्या आणि तिचा हात हातात घेऊन म्हणाल्या, "काम झ्याक करतीस बाळ. पण लिवणाऱ्याला माझा एक निरोप दे. म्हणावं, हुपरीच्या चाचीनं सांगितलंय, केतकीला जरा तोंड दे. नुसती डोळं पुसतीया." ती मुलगी हसली, नक्की सांगते म्हणाली. नंतर बऱ्याच दिवसांनी केतकी एकदा सासूला म्हणाली, "बस्स करा आता." चाचींनी ताट खाली ठेवलं आणि सगळ्या सोप्याला ऐकू जाईल असं जाहीर केलं, "पोचला निरोप."

मला मलकापूरला दिली होती. तिथे जे झालं ते मी थोडक्यात सांगते, कारण लांबवून सांगण्यासारखं त्यात काही नाही. एका दुपारी नवऱ्याने रागात दार लावलं तेव्हा माझा डावा हात चौकटीत होता. हात तिथे आहे हे त्याला दिसत होतं. माझी दोन बोटं अजूनही पूर्ण मिटत नाहीत. मी हाताला फडकं गुंडाळून बसमध्ये बसले आणि माहेरी आले. आईवडील नव्हते, दादा-वहिनी होते. दादा वाईट माणूस नाही. त्याने मला ठेवून घेतलं, डॉक्टर केला. पण त्याच्या दोन मुली मोठ्या होत होत्या आणि बहीण माहेरी बसली तर उद्या त्यांना कोण विचारणार ही काळजी त्याच्या चेहऱ्यावर मला जेवताना दिसायची. नवऱ्याचे मामा त्या भागातले वजनदार गृहस्थ. त्यांचे फोन यायचे, "झालं गेलं गंगेला मिळालं, पोरगी पाठवा." दादा म्हणायचा, "बघू." ह्या 'बघू'वर माझं सगळं आयुष्य टांगलेलं होतं.

मला चिमटा धरता येत नव्हता, म्हणून मी चाचींच्या शेजारी भिंतीला टेकून घुंगरं निवडायला बसायचे. म्हणजे टीव्हीकडे तोंड असलेल्या आता आम्ही दोघी झालो. आणि योगायोग असा की त्याच सुमाराला मालिकेतली केतकीही घर सोडून निघाली होती. विश्वजीतने भर हळदीकुंकवात तिच्यावर हात उचलला होता. ती परत जाणार का, ह्यावर सोप्यात रोज रण माजायचं. "नवरा हाय, चुकला एकदा," एक म्हणायची. "एकदा चुकला म्हंजे हात रुळला," दुसरी म्हणायची. माझ्याबद्दल माझ्यासमोर बोलायला कुणाचीच जीभ रेटत नव्हती, म्हणून सगळ्या केतकीबद्दल बोलायच्या. मला ते कळत होतं. केतकीने काय करावं ह्यावर एकेकीचं मत ऐकताना मी मान खाली घालून घुंगरं निवडत राहायचे.

आणि मग एका दुपारी केतकी परत गेली.

सगळा प्रसंग मुका होता. सासरच्या बंगल्याची पायरी, दारात विश्वजीत, अंगणात केतकी, हातात बॅग. एकही शब्द नाही, नुसती बासरी. पाठमोऱ्या बायका अधीर झाल्या. "चाची, काय चाललंय? बासरी कशाला वाजतीया?" पडद्यावर केतकीने बॅग खाली ठेवली आणि वाकून नवऱ्याच्या पायाला हात लावला. माझ्या हातातली घुंगरं ताटात सांडली. चाचींनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला, चांगला दाबून ठेवला, आणि रोजच्याच आवाजात सांगायला लागल्या.

"ती दारात आली. तो म्होरं आला. तिनं त्याच्याकडं बघितलं."

"मग?"

"मग ती वाकली."

"पाया पडली?"

"न्हाय गं. बॅग उचलली. आन् निघाली. मागंबी बघितलं न्हाय."

सोप्यात कुणीतरी शीळ घातल्यासारखा श्वास सोडला. "मग ही बासरी?" सुशीलाक्कांनी विचारलं.

"तिच्या जिवाला बरं वाटलंय की, म्हणून," चाची म्हणाल्या.

त्या दिवशी बायका किती खूश होत्या म्हणून सांगू! चहाच्या वेळी सगळ्या एकदम बोलत होत्या. सुशीलाक्का माझ्या पाठीवर उगाचच थाप मारून गेल्या. सगळं खोटं होतं आणि ते फक्त आम्हा दोघींना माहीत होतं. मी चाचींकडे पाहिलं तर त्या कपात फुंकर मारत होत्या, जणू काही झालंच नाही.

खरी कसरत दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली. चित्र बदलून सांगता येतं, आवाजाचं काय? एक वाजला आणि टीव्हीतून केतकीचा गोड आवाज आला, "अहो, चहा ठेवू का?" सगळ्या माना ताठ झाल्या. "ही तर केतकी! चहा कुणाला?" चाची शांतपणे म्हणाल्या, "जुनं दाखवाय लागलेत. त्याला आठवण येतीया." मालिकांत जुनं तर सारखंच दाखवतात, त्यामुळे सगळ्यांना पटलं. मग केतकी सासूचे पाय चेपताना बोलली, तेही जुनं. केतकीने पुरणपोळ्या केल्या, तीही आठवण. आठवड्याच्या शेवटी विश्वजीतला इतक्या आठवणी येऊन गेल्या की सुशीलाक्का वैतागून म्हणाल्या, "एवढी आठवण येतीया तर आधी हात कशाला उचलला मेल्यानं?" चाची म्हणाल्या, "त्येच म्हणतीया मी."

रविवारी सुशीलाक्का कळंब्याला लेकीकडे गेल्या आणि घोटाळा झाला. लेकीच्या सासूबाई म्हणाल्या, बरं झालं बाई, केतकी नांदायला गेली. सुशीलाक्का म्हणाल्या, कुठली गेली, बॅग उचलून निघून गेली की. शब्दाला शब्द लागला. शेवटी विहीणबाईंनी फोनवर तो भागच लावून दाखवला. सोमवारी सुशीलाक्का आल्या त्या आत न येता दारातच उभ्या राहिल्या. सगळ्यांच्या समोर त्या उजेड अडवून उभ्या, त्यामुळे चिमटे आपोआप थांबले.

"चाची, केतकी सासरला हाय."

"व्हय," चाची म्हणाल्या.

"आन् तुम्ही आठवडाभर आम्हाला खोटं सांगिटलं?"

"व्हय."

"पाच येळा नमाज पढता, आन् खोटं बोलता? इहीणबाईसमोर माझं नाक कापलं गेलं!"

वहिनी घाबरून माजघरातून बाहेर आली. मला वाटलं चाची आता माफी मागतील. चाचींनी मांडीवरचं ताट बाजूला ठेवलं, पदर नीट केला आणि तोंड उघडलं. "टीव्हीत सगळं खोटंच असतंय, सुशीला. ती केतकी खोटी, तो नवरा खोटा, बंगला खोटा. त्यातलं एक खोटं मी बदललं, तर तुझं काय बिघडलं? लिवणाऱ्यानं त्याच्या मनाचं लिवलं, मी माझ्या मनाचं सांगिटलं. त्याला कुणी इचारलं का, बाबा, मार खाल्लेल्या पोरीला पाया का पडाय लावलंस? तवा त्याला न्हाय इचारलं, मग मलाच का इचारती? आन् पोरगी परत गेली ह्ये मी माझ्या तोंडानं सांगणार न्हाय. ह्या घरात बसून तर मुळीच न्हाय."

सुशीलाक्कांनी चाचींकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग माझ्या ताटातल्या हाताकडे. त्या आत आल्या, आपल्या जागेवर बसल्या आणि चिमटा हातात घेतला. "वहिनी," त्या म्हणाल्या, "त्या टीव्हीचा आवाज बंद करा. चाची, तुमचं सांगा. कुठवर गेलीया केतकी?"

त्या दिवसापासून आमच्या सोप्यात टीव्ही मुका चालायचा आणि केतकी चाचींच्या मर्जीने जगायची. खरं तर सगळ्यांच्याच मर्जीने. एकीने तिला खोली बघून दिली, एकीने स्कूटी शिकवली, एकीने तिला दवाखान्यात नोकरीला लावलं. कुणीतरी म्हणालं आता दुसरा नवरा बघूया, त्यावर एवढा वाद पेटला की वहिनीला मध्ये पडावं लागलं. चाचींनी निकाल दिला, "आधी तिला जरा दम तर खाऊ द्या." मी भिंतीला टेकून दोन्ही बघायचे. पडद्यावर केतकी नटूनथटून वडाला फेऱ्या मारत असायची आणि आमच्यात ती स्कूटीला किक मारून कामावर निघालेली असायची. लिवणारा हरला होता.

मग मलकापूरचे मामा आले. बरोबर आणखी दोन पाहुणे. नवरा आला नाही, त्याला म्हणे काम होतं. त्या दिवशी पैंजणांची मोठी ऑर्डर पुरी करायची होती, त्यामुळे बायकांना सुट्टी देणं शक्य नव्हतं. पाहुण्यांच्या खुर्च्या मागच्या भिंतीला लावल्या आणि बैठक बायकांच्या पाठीमागे बसली. चाची आणि मी कडेला. दादा पाहुण्यांसमोर स्टुलावर. मला आदल्या दिवशीच वहिनीने कपडे भरून ठेवायला सांगितलं होतं. तिचे डोळे लाल होते, पण तिने सांगितलं.

मामांनी गोड सुरुवात केली. राग, रक्त गरम, पोराला पश्चात्ताप, वगैरे. दादा मान हलवत होता. मग मामा हसून म्हणाले, "आता आमच्या घरात बायका ती सिरियल बघत्यात. ती केतकी. एवढी शिकलेली, मोठ्या घरची पोरगी, पण आली का न्हाय परत? शेवटी संसार म्हटल्यावर…"

"कोण आली परत?" सुशीलाक्कांनी विचारलं. मान वळवली नाही, हात थांबवला नाही.

"केतकी की."

"आमची न्हाय आली."

मामा गोंधळले. "अवो बाई, मी सोता बघितलंय."

"चुकीचं बघितलासा, पावणं."

"आमची स्कूटीवरनं कामाला जाती," दुसरी पाठ म्हणाली.

"पगारबी वाढलाय तिचा," तिसरी म्हणाली.

कुणीही हसलं नाही. पाठमोऱ्या बायकांची ती रांग, आणि चिमट्यांची टकटक. मामांनी दादाकडे पाहिलं, "ह्ये काय चाललंय?" मग मामांची नजर चाचींवर गेली. हे सगळं कुणाच्या जिवावर चाललंय ते त्यांच्या बरोबर ध्यानात आलं असावं. "चाची, तुम्ही वडीलधाऱ्या हाय," ते म्हणाले, "पण ह्या आमच्यातल्या गोष्टी हाईत."

"व्हय, तुमच्यातल्याच," चाची म्हणाल्या. "मी त्यात पडत न्हाय. पण पोरीला न्यायला आलासा, तर तिचा हात बघितलासा का? वैशे, मूठ मिट."

मी डावा हात पुढे केला आणि मूठ मिटायचा प्रयत्न केला. दोन बोटं तशीच उभी राहिली. आता मात्र टकटक थांबली. सोप्यातली प्रत्येक बाई वळून बसली होती, आणि सगळ्या मामांकडे बघत होत्या. चाची म्हणाल्या, "आता तिलाच इचारा, यायचं का. अजून कुणी इचारलंच न्हाय तिला."

खरंच कुणी विचारलं नव्हतं. दादानेही नाही. मामांनीही आता विचारलं नाहीच. मी म्हटलं, "मी येणार नाही." आवाज मोठा निघाला, रस्त्यावर ऐकू जाईल एवढा. पुन्हा म्हटलं, "मी मलकापूरला येणार नाही. आज नाही आणि कधीच नाही." दादा स्टुलावरून उठला. मला वाटलं माझ्यावर ओरडणार. तो मामांना म्हणाला, "पोरगी न्हाय म्हणतीया, पावणं. चहा घेऊन जावा."

पुढे कोर्टकचेरी झाली, ती सगळ्यांचीच होते तशी. आज मी कोल्हापुरात एका दागिन्यांच्या दुकानात काम करते, हुपरीहून बसने रोज जाते-येते. गल्लीत अजून काहीजण म्हणतात की त्या चाचीने एका पोरीचा संसार मोडला. चाचींच्या कानावर हे जायचंच. एकदा त्या भर रस्त्यात उभ्या राहून म्हणाल्या, "व्हय, मोडला. आणि कुणाचा मोडायचा असंल तर पत्ता सांगा." त्यानंतर त्यांच्या तोंडावर कुणी काही बोललं नाही. दादाच्या दोन्ही मुलींची लग्नं चांगल्या घरी झाली. त्याची ती काळजी फुकटच होती.

चाची गेल्या त्याला फार काळ झाला नाही. मला त्यांची रोज आठवण येते आणि ती आल्यावर मला रडू येत नाही, अंगात जोर येतो, हे मला कुणाला समजावून सांगता येत नाही. शेवटच्या आजारात मी दुकानातून परत येताना त्यांच्याकडे डोकावायचे. एका संध्याकाळी त्या जरा हुशारीत होत्या, म्हणून मी इतकी वर्षं मनात राहिलेलं विचारलं. "चाची, त्या दुपारी तुम्ही केतकीला दारातून माघारी फिरवलंत, ते तिच्यासाठी की माझ्यासाठी?"

चाचींनी उशीवरून मान उचलून माझ्याकडे पाहिलं.

"केतकीचं काय गं," त्या म्हणाल्या. "लिवणारा म्हणाला पाया पड, पडली. कॅमेरा बंद झाला, ती पदर झटकून आपल्या घरला गेली. तू पडली असतीस, तर तुझा कॅमेरा कोण बंद करणार हुतं?"